ओबो मिळाला, मग कार्यक्रम ठरला

मागच्या अंकात आमच्या हौशी ऑर्केस्ट्राच्या येत्या मोसमाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या: ऑक्टोबरमध्ये फक्त तंतुवाद्यांचा कार्यक्रम, डिसेंबरमध्ये नाताळचा आणि फेब्रुवारीत हायडन व शूबर्ट या जुन्या युरोपीय संगीतकारांचा. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: बँकेतून निवृत्त, राहायला माहीम, वाद्य व्हायोला. व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, आवाज खालचा, आणि ऑर्केस्ट्रातले निम्मे विनोद त्याच्यावर. लोकलमध्ये त्याची पेटी पाहून बायका विचारतात, ‘गिटार का?’ मी हो म्हणते. स्टेशन लवकर येतं.

ताई, मोसमात काय वाजवायचं हे कोण ठरवतं? आणि नेहमी शंभर-दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्याच संगीतकारांचं का?
*— एक वाचक, डोंबिवली*

कागदोपत्री आमची समिती ठरवते. प्रत्यक्षात ठरवतात ओबोवाले.

मुंबईत व्हायोलिन शिकणारे पैशाला पासरी. पण ओबो, बॅसून आणि फ्रेंच हॉर्न ही फुंकवाद्यं हौसेने वाजवणारी माणसं बोटांवर मोजावीत इतकीच. ओबो हे आपल्या सनईच्या कुळातलं, दोन पात्यांच्या जिभाळीचं वाद्य. जिभाळी नाजूक, लवकर मरते, बाहेरून मागवावी लागते किंवा स्वतः तासत बसावं लागतं. संसार, नोकरी सांभाळून हे करणारा माणूस भेटला तर त्याला चहात बिस्किट जास्त द्यावं. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या बैठकीत पहिला प्रश्न ‘यंदा बीथोवन की मोझार्ट’ हा नसतो. ‘ओबो किती?’ हा असतो. दोन असले तर शूबर्टचं धाडस करायचं. एक असला तर लहान काहीतरी. तेही जमत नसलं तर नुसती तंतुवाद्यं. यंदा आमचे एक ओबोवादक ऑक्टोबरभर मुलीकडे परदेशात आहेत. ऑक्टोबरचा कार्यक्रम फक्त तंतुवाद्यांचा का, त्याचं सौंदर्यशास्त्र इतकंच आहे.

ही टंचाई जुनी आहे. मेहली मेहतांनी 1935 मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हाही हौशी पारशी मंडळी आणि गोव्याचे धंदेवाईक वादक यांच्यावर तंतुवाद्यांची बाजू निभली, पण फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडकडे बघावं लागे. आमच्या ट्रॉम्बोनच्या खुर्चीवरही एका लष्करी बँडमधून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. तालीम दहाला असेल तर पावणेदहाला त्यांचं वाद्य जुळलेलं असतं, आणि मेगाब्लॉकमुळे साडेदहाला येणाऱ्या आम्हा बाकीच्यांकडे ते जे बघतात, ते लिहिता येत नाही.

आता गेलेल्या संगीतकारांबद्दल. आपल्या कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. शूबर्ट 1828 मध्ये गेला, त्याचं नोटेशन इंटरनेटवरून फुकट उतरवा, झेरॉक्स काढा, हवं तसं पेन्सिलीने रंगवा. रशियाचा शोस्ताकोविच 1975 मध्ये गेला, म्हणजे त्याच्यासाठी 2035 संपेपर्यंत थांबणं आलं. तोवर वाजवायचा तर बाहेरच्या प्रकाशकाकडून प्रत्येक वाद्याचे कागद युरो मोजून भाड्याने आणायचे आणि कार्यक्रम झाला की पेन्सिलीच्या खुणा खोडून परत पाठवायचे. आमच्या जमाखर्चात हॉलचं भाडं, झेरॉक्स, बटाटेवडे आणि टेम्पो एवढीच खाती आहेत.

आमच्या घरी तीन पिढ्या ख्याल ऐकला जातो. मुलाच्या आग्रहाने फेब्रुवारीत तुमच्या कार्यक्रमाला येणार आहे. पण ना आलाप, ना सम, ना राग. ऐकायचं तरी काय?
*— एक जुना श्रोता, मिरज*

मिरजेचा कान घेऊन येताय, मग चिंता कसली? तुम्हाला एकच सवय बाजूला ठेवावी लागेल: एका गायकाच्या मागे जाण्याची. इथे चीज एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ती कुणाकडे आहे एवढं बघत राहा.

फेब्रुवारीत वाजवणार ती शूबर्टची आठवी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची, बहुधा चार भागांची मोठी रचना, 1822 ची. दोनच भाग पूर्ण झाले, म्हणून ‘अपूर्ण’ म्हणतात. तिसऱ्या भागाचा आराखडा त्याने केला होता, पण तो तिथेच राहिला. हस्तलिखित एका मित्राच्या घरी पडून होतं. शूबर्ट गेल्यावर 37 वर्षांनी, 17 डिसेंबर 1865 ला, व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली. त्याने स्वतः ती ऑर्केस्ट्रावर कधी ऐकलीच नाही.

सुरुवात चेलो आणि डबल बास या व्हायोलिनसारख्याच पण मोठ्या, खालच्या आवाजाच्या वाद्यांवर आहे, इतकी खालून आणि हळू की मागच्या रांगेत कुणी वेष्टन काढलं तर संपलं. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी सात. मग व्हायोलिनं एक अस्वस्थ कुजबुज धरतात, आणि तिच्यावर ओबो आणि क्लॅरिनेट मिळून एकच सुरावट वाजवतात. दोघांचा आवाज असा मिसळतो की कुठलं वाद्य आहे ते कळू नये. शूबर्टला तेच हवं होतं. म्हणूनच ओबोची एवढी रड.

त्यानंतर चेलो येतात त्यांची ती सुप्रसिद्ध गोड धून घेऊन. तेव्हा जरा आमच्याकडेही बघा. आम्ही व्हायोलावाले आणि क्लॅरिनेट, आम्ही धूनही वाजवत नाही आणि तालही देत नाही. प्रत्येक मात्रेच्या थोडं पुढे-मागे, मधल्या फटीत वाजवतो. ती फट नसेल तर चेलोची धून सपाट पडते. तालमीत कंडक्टरसाहेब (समोर उभं राहून हातांनी ऑर्केस्ट्रा चालवणारे) एकदा फक्त आम्हाला वाजवायला लावतात, आणि तेव्हा ते इतकं निरर्थक ऐकू येतं की चेलोवाले हसतात. मग ते वाजवू लागले की हसू थांबतं.

धून रंगात येते, आता समेवर येणार असं तुमच्या कानाला वाटतं, आणि ती वाक्याच्या मध्येच तुटते. एक पूर्ण माप, म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन, शांतता. आणि सगळा ऑर्केस्ट्रा अंगावर येतो. तुमच्यासारख्या ख्याल ऐकणाऱ्याला हा धक्का इतरांपेक्षा जास्त बसेल, कारण समेची वाट तुम्ही जास्त मनापासून बघता.

टाळ्या नक्की कधी वाजवायच्या? मागे एकदा मी चुकीच्या जागी वाजवल्या आणि शेजारचे गृहस्थ माझ्याकडे पाहतच राहिले.
*— एक वाचिका, ठाणे*

भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, सगळे भाग झाले की वाजवायच्या, असा आजचा रिवाज आहे. पण तो काही वेदवाक्य नाही. मोझार्टने 3 जुलै 1778 ला पॅरिसहून वडिलांना पत्र लिहिलंय, त्यात त्याच्या सिंफनीच्या पहिल्या भागाच्या ऐन मध्यात लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला हे तो खुशीत सांगतो. ती जागा लोकांना आवडणार हे त्याला लिहितानाच माहीत होतं. बीथोवनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग 1813 मध्ये पहिल्याच प्रयोगाला लोकांनी पुन्हा वाजवायला लावला. हे गप्प बसणं नंतर आलं.

आपण तर ‘क्या बात है’ म्हणणारी माणसं. तेव्हा माझं मत: भाग संपल्यावर हात आपोआप उचलले गेले तर वाजवा, आम्ही नाराज होत नाही. मात्र शूबर्टचा दुसरा भाग अगदी हळूहळू विरतो, तिथे कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबा. शेजारच्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला व्हायोलिन शिकायचंय. भारतीय की पाश्चात्त्य? वाद्य कुठलं घ्यावं? आणि ग्रेडच्या परीक्षा द्याव्यात का?
*— एक आई, नाशिक*

आधी वाद्य. मोठ्यांचं पूर्ण मापाचं घेऊ नका, ‘वाढत्या अंगाचं’ हा हिशेब इथे चालत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला बहुधा अर्ध्या मापाचं लागेल. तिला डावा हात सरळ लांब करायला सांगा, वाद्य खांद्यावर ठेवा. तळवा त्याच्या टोकाच्या वळशाला आरामात धरू शकला की माप बरोबर. शिक्षकांकडून वापरलेलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. ऑनलाइन मिळणारी गुलाबी-जांभळी खेळणी नकोत. खुंट्या एकतर फिरत नाहीत, नाहीतर थांबत नाहीत, आणि पोरीला वाटतं तिलाच जमत नाही.

भारतीय की पाश्चात्त्य, हे तुमच्या गावात चांगले शिक्षक कोण आहेत त्यावर ठरवा. दोन्हींत वाद्य तेच. आपल्याकडे मांडी घालून, वाद्याचं टोक पावलावर टेकवून, तारा षड्ज-पंचमात लावून वाजवतात. तिकडे उभं राहून, हनुवटीखाली धरून. साताऱ्याजवळच्या वाईत 1922 मध्ये जन्मलेल्या पंडित व्ही. जी. जोगांनी या वाद्यावर काय करून ठेवलंय ते तिला ऐकवा. सुरुवातीची काही वर्षं एकच बैठक ठेवा, एवढंच.

आता परीक्षा. लंडनच्या दोन मंडळांच्या ग्रेडच्या परीक्षा आपल्याकडे मुंबई, पुणे, गोवा सगळीकडे होतात. त्या वाईट नाहीत. पण माझं ऐकाल तर त्यांच्यामागे लागू नका. आमच्याकडे आठव्या ग्रेडची मुलं येतात. बोटं विजेसारखी, सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं. आणि पहिल्या तालमीत आठव्या मापाला हरवतात, कारण आयुष्यात दुसऱ्या माणसाबरोबर वाजवलेलंच नसतं. स्वतःचं वाजवताना शेजारच्याचं ऐकायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. चार महिन्यांत येतं, पण तोवर काहीजण कंटाळून जातात. तेव्हा तिला दोन ओळी वाजवता यायला लागल्या की लगेच कुणाबरोबर तरी बसवा. हार्मोनियमवाली मैत्रीण चालेल.

आमचे आजोबा मुंबईला सिनेमाच्या स्टुडिओत व्हायोलिन वाजवत. त्यांचं वाद्य माळ्यावर सापडलं. आत ‘अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस’ अशी चिठ्ठी आहे. याची किंमत किती होईल?
*— एक वाचक, सावंतवाडी*

दादा, कर्जाचे हप्ते चालू असतील तर चालूच ठेवा. स्ट्रॅडिव्हेरी हा इटलीचा नामांकित व्हायोलिन-कारागीर 1737 मध्ये गेला. त्याची आज शिल्लक असलेली वाद्यं साधारण साडेसहाशे, आणि बहुतेक कुठे आहेत ते जाणकारांना ठाऊक आहे. मात्र जर्मनी आणि फ्रान्समधल्या कारखान्यांनी त्याच्या नमुन्यावर ढिगाने व्हायोलिनं बनवली आणि आत त्याच्याच नावाच्या चिठ्ठ्या डकवल्या. चिठ्ठीवर खाली ‘मेड इन जर्मनी’ दिसतंय का बघा.

पण ते कामाचं वाद्य असेल, आणि ज्या हातांनी ते वाजलं ते हात फार मोलाचे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना लहानपणापासून सुरांचं वाचन आणि व्हायोलिन शिकवत. नोटेशन बघून धडधड वाजवणारी ही मुलं मोठी होऊन मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडांमध्ये (गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये) राहिली आणि स्टुडिओंचा कणा झाली. संगीतकार चाल देई, पण पन्नास व्हायोलिनं कधी काय वाजवणार ते कागदावर उतरवणारे बहुतेक गोवेकर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले थोर. प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. 1958 मध्ये गोन्साल्विसांनी स्टुडिओतल्या वादकांना घेऊन भारतीय रागांवरच्या सिंफनीसाठी ऑर्केस्ट्रा उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. मग पुढे सिंथेसायझर आला. एका कीबोर्डवर पन्नास व्हायोलिनांचा आवाज निघू लागला आणि पन्नास माणसं घरी बसली. आमच्या पहिल्या रांगेतले दोघे ज्येष्ठ त्या काळातले आहेत. कागद समोर ठेवला की दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही.

आता कामाचं: तारा लगेच पिळू नका! व्हायोलिनच्या पोटात साऊंडपोस्ट म्हणून एक लाकडी काडी उभी असते. ती कशाने चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी. तारा सैल पडून वर्षं गेली की ती आडवी होते. वाद्य हळूच हलवा, आत काही खडखडलं तर तीच. अशात तारा ताणल्या तर वरची फळी चिरते. आपल्याकडच्या पावसात सांध्यांचा सरसही सुटतो, तेव्हा कडेने बोटाच्या पेराने ठोकत जा, जिथे आवाज पोकळ-फाटका येईल तिथे सांधा उघडलाय. हे दुरुस्त होतं, घाबरू नका, पण फेव्हिकॉलची बाटली लांब ठेवा. सरस मुद्दाम असा वापरतात की पुढच्या कारागिराला सांधा उघडता यावा. बोच्या, म्हणजे गजाच्या, केसांना बहुधा कसर लागली असेल. ते बदलावेच लागतील. आणि कृपा करून माळ्यावर परत ठेवू नका.

कंडक्टर नसला तर काय होईल?
*— इयत्ता आठवी, पुणे*

ऑक्टोबरच्या कार्यक्रमाला ये आणि बघ, कारण त्यात कंडक्टर नाहीच. पहिल्या व्हायोलिनवर बसणाऱ्या बाई मान आणि श्वास यांवर सगळं चालवतात. त्या श्वास घेतात, आम्ही बो उचलतो. हायडनच्या काळातही असंच चाले, पहिल्या व्हायोलिनवरून किंवा कळफलकाच्या वाद्यावर बसून. वीसेक माणसांपर्यंत हे जमतं. शूबर्टला मागे ट्रॉम्बोन असतात, त्यांना पुढची मान दिसत नाही. तिथे कंडक्टर लागतो. त्याचं खरं काम तालमीत असतं, कार्यक्रमात तो फक्त आठवण करून देतो.

ताई, या सगळ्यात आपलं काही आहे का? की नुसतं साहेबाचं?
*— एक निवृत्त शिक्षक, सातारा*

गुरुजी, ऑक्टोबरच्या कार्यक्रमात होल्स्टचा ‘सेंट पॉल्स सूट’ आहे (सूट म्हणजे छोट्या तुकड्यांची माळ). गुस्ताव होल्स्ट लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीतशिक्षक होता आणि त्याने हे शाळेतल्या मुलींच्या ऑर्केस्ट्रासाठी लिहिलं. म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच. या माणसाने ऋग्वेदातली सूक्तं इंग्रजीत आणता यावीत म्हणून संस्कृत शिकून घेतलं आणि त्यांवर गाणी रचली. महाभारतातल्या सावित्रीवर त्याने एक अंकी ऑपेरा लिहिला, 1916 मध्ये लंडनला झाला. ऑर्केस्ट्रा जेमतेम डझनभराचा. सुरुवातीला पडद्याआडून यम गातो, साथीला एकही वाद्य नाही. तेवढ्या सुरुवातीसाठी तो ऐकावा असं मी सांगेन. आमच्याकडे गायक मिळाले तर एखाद्या वटपौर्णिमेला करायची माझी फार इच्छा आहे. समितीत मांडलं तेव्हा विषय पुढच्या बैठकीवर गेला. तो अजून तिथेच आहे.

डिसेंबरचा कार्यक्रम चर्चमध्ये आहे. आम्ही हिंदू, आलेलं चालेल ना? आणि हॅलेलुयाला उभं राहायचं का?
*— एक कुटुंब, दादर*

चालेल काय, या! निम्मे वादक तुमच्यासारखेच आहेत. हॅलेलुया हे हँडेलच्या ‘मेसाया’तलं समूहगान. ते ऐकताना इंग्लंडचा राजा उभा राहिला म्हणून सगळे उभे राहिले ही गोष्ट छान आहे, पण त्या काळचा पुरावा नाही. हँडेलचा ‘मेसाया’ पहिल्यांदा वाजला तो डब्लिनला, 13 एप्रिल 1742 ला, कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांसाठी आणि रुग्णालयांसाठी पैसे उभे करायला. गर्दी मावावी म्हणून बायकांनी घेराचे झगे आणि पुरुषांनी तलवारी घालून येऊ नये अशी विनंती केली होती. आमची विनंती पाठपिशव्यांपुरती आहे. उभे राहिलात तर मागच्यांना दिसत नाही, पण सगळेच उभे राहतात, त्यामुळे हरकत नाही.

मी गिरणी संपाच्या काळातला युनियनचा माणूस. तुम्ही फुकट वाजवता हे वाचलं. इतकी वर्षं कुणी संप कसा केला नाही?
*— एक वाचक, परळ*

केलाय की! फेब्रुवारीत तोच वाजवणार आहोत. 1772 मध्ये हायडनचा मालक, एस्टरहाझी घराण्याचा राजपुत्र, उन्हाळी महालात मुक्काम लांबवत बसला. वादकांच्या बायकापोरं लांब आयझेनस्टाटला. हायडनकडे गाऱ्हाणं गेलं. त्याने अर्ज न लिहिता सिंफनी लिहिली. शेवटच्या भागात वादक एकेक करून आपली ओळ संपवतो, मेणबत्ती विझवतो, वाद्य उचलतो आणि चालू पडतो. ओबो आणि हॉर्न आधी, डबल बास जाताना एक लांबलचक एकट्याची तान घेऊन जातो, आम्ही व्हायोला जवळजवळ शेवटी. अखेर दोनच व्हायोलिनं उरतात, त्यांतलं एक तेव्हा स्वतः हायडनने वाजवलं होतं. मालकाला कळलं. दुसऱ्या दिवशी बिऱ्हाड हललं म्हणतात. बोनसशिवाय मागणी मान्य झाल्याचं दुसरं उदाहरण तुमच्या माहितीत असेल तर कळवा.

लहान मुलांना आणू का? किती वाजता सुटतं? गाडी लावायला जागा आहे का?
*— अनेक वाचक*

मुलांना आणा, कडेच्या खुर्च्यांवर बसवा, रडलं तर बाहेर नेऊन परत आणा. ऑक्टोबरचा कार्यक्रम सव्वा तासाचा, मध्यंतराशिवाय. फेब्रुवारीचा मध्यंतर धरून दीड तासाचा. साडेसहाला सुरू होतो, साडेआठच्या आत तुम्ही स्टेशनवर. गाडी आणू नका. आणलीतच तर हॉलच्या मागच्या फाटकासमोर लावू नका, तिथे डबल बासचा टेम्पो उभा असतो आणि ड्रायव्हरला शेवटची तान संपायच्या आत झोप लागलेली असते.